किती फरक पडला तर तुला फरक पडंल?

वन्सं, संक्रांतीचा मेल अजून गेलेला नाही.

गूळ तयार आहे. छोट्या ढेपा कागदात बांधून खोक्यांत बसल्या, काकवीच्या बाटल्यांना झाकणं लागली, तुमच्या सांगलीच्या बेदाण्यांची पाकिटंही येऊन पडली. तुमच्या भावाने सकाळपासून दोनदा विचारलं, "धाडलं का?" मी दोन्ही वेळा "बघते" म्हटलं. अडलंय ते एका ओळीपाशी. मेल उघडायच्या आधी माणसाला जी वरची ओळ दिसते, ती तुमची ठेवायची की माझी, हा आपला वाद तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात. माणसं जाताना किल्ल्या सोपवतात, दागिने कुठे ठेवलेत ते सांगतात. तुम्ही मला वाद सोपवलात. तोही ऐन हंगामात.

तेराव्याला सांगलीत तुमच्या घरी बसायला जागा नव्हती. तुमचे जुने विद्यार्थी आले होते. जो तो सांगत होता, बाई फार शिस्तीच्या, बाईंची मराठी काय शुद्ध, संख्याशास्त्र शिकवावं तर बाईंनीच. मी कोपऱ्यात बसून पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, भावजय रडतेय. मला हसू आवरत नव्हतं, वन्सं. कारण कॉलेजात 'आहे' आणि 'कृपया' म्हणणाऱ्या ह्या बाई पॅसेंजरने रहिमतपूर स्टेशनावर उतरल्या, की फलाटावरूनच ओरडायच्या, "आगं सुजे, ही पिशवी धर की, भडंग हाय, चिरडंल!" गाडी सुटली की शुद्ध मराठी त्याच गाडीने पुढे पुण्याला जायची.

मी पुण्यात असताना ह्याच कामावर होते, हे तुम्हाला कौतुकाचं वाटायचं. कंपनीचे मेल लिहायचे. तिथे लाखभर माणसं. दोन वेगवेगळ्या ओळी घ्यायच्या, दहा हजार जणांना ही, दहा हजार जणांना ती, आणि दुपारच्या चहापर्यंत कळायचं लोक कोणती ओळ बघून मेल उघडतात. मग उरलेल्यांना तीच. पुढे कंपनीने आमचा विभागच गुंडाळला आणि मी रहिमतपूरला येऊन बसले. गावात जो भेटेल तो 'आता काय करणार?' म्हणून हळहळायचा. तुम्ही मात्र पुढच्याच शनिवारी पॅसेंजरने आलात, भडंगाची पिशवी माझ्या हातात कोंबलीत आणि विचारलंत, "बरं, विकायचं काय?" तुम्हाला कधी बोलले नाही, पण त्या एका प्रश्नावर मी उठून उभी राहिले. हळहळ करणारे पुष्कळ होते. कामाला लावणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

विकायचं काय, तर भावाच्या गुऱ्हाळाचा गूळ. गिऱ्हाईक कोण, तर आपल्याच मुलखातली, पण पुण्या-मुंबईला, पलटणीत नाहीतर परदेशात पांगलेली माणसं. गोळा करून करून यादी झाली सव्वादोनशेची. लाखावरून सव्वादोनशेवर आले तरी माझी जुनी खोड तशीच. मी म्हटलं, वीस जणांना एक ओळ पाठवू, वीस जणांना दुसरी, उद्या निकाल. तुम्ही कपाळावर हात मारलात. "ईस माणसांनी काय हुतंय? त्यातली धा जणं कामात असली, तर तुझी वळ वाईट व्हय?"

मग मी तो माझा हुकमी मुद्दा काढला होता. आपण गुऱ्हाळावरच उभ्या होतो. गुळव्याने काहिलीतला थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि 'उतरवा' म्हणाला. मी म्हटलं, बघा वन्सं, एवढी मोठी काहील आणि ह्याने थेंबावरून सांगितलं. तुम्हाला कशाला लागतात शंभर माणसं?

तुम्ही काठीने उसाची चिपाडं बाजूला सारत म्हणालात, "काहील ढवळल्याली असती गं. जो थेंब काढशील तो सगळ्या काहिलीसारखाच. तुझी यादी कुणी ढवळली?"

मी हरले, म्हणून चिडले. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही गरम गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवलात आणि विषय बदललात. नणंद असावी तर अशी, जिंकल्यावर गूळ खायला घालणारी.

ओळी दोन होत्या. माझी होती, 'रहिमतपूरचा रसायनविरहित गूळ: नव्या हंगामाची पहिली भेट'. पुण्याच्या सवयीची, इस्त्री केलेली ओळ. तुमची होती, 'गूळ आला बरं का!' मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसले. म्हटलं, ही काय ओळ झाली, ही तर भिंतीवरून शेजारणीला मारलेली हाक. तुम्ही म्हणालात, "मग? हाकंला वळून बघत न्हाई व्हय माणूस?" पैज ठरली. तुमची ओळ हरली तर तुम्ही भडंग आणायचं, माझी हरली तर मी साताऱ्याचे कंदी पेढे.

आणि मग आदल्या वर्षीच्या दिवाळीचा तो मेल. वन्सं, हा किस्सा मी तेराव्यालाच सांगणार होते, पण तुमच्या विद्यार्थ्यांची तोंडं बघून गप्प बसले. आता सांगते, तुम्ही मधे बोलू नका.

यादी मी टंकली होती आणि आपल्याकडच्या रीतीने प्रत्येकाच्या नावाआधी मान लावला होता. कुणाला नुसत्या नावाने हाक मारली तर तो गूळ घेईल, पण जन्मभर लक्षात ठेवील. तेव्हा कॅप्टन, डॉ., प्रा., श्री., सुभेदार, सौ., हवालदार, सगळं यथासांग. नाव सापडायला सोपं जावं म्हणून यादी अक्षरांप्रमाणे लावून ठेवली होती. सांगलीहून फोनवर तुम्ही फर्मान काढलंत, "यादी अर्ध्यातनं मोड. वरच्यांना तुझी वळ, खालच्यांना माझी." तुम्हाला वाटलं नावं अशीच, जशी आली तशी, सरमिसळ असतील. मी मोडली.

तुमची ओळ धो धो जिंकली. तुम्ही तातडीने पॅसेंजर पकडून आलात. मी निमूट साताऱ्याला जाऊन पेढे आणले होते. तुम्ही ओसरीवर बसून, एक पाय खाली सोडून, दुसरा पेढा तोंडात टाकत मला शिकवत होतात की जाहिरातीला हाक असावी लागते, इस्त्री नव्हे. तेवढ्यात तुमच्या भावाने संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाले, "ताई, वरती समदं श्री. हायत. आन् खाली तुझ्याकडं समद्या सौ.च की गं."

'श' आधी, 'स' नंतर. वरच्या अर्ध्यात सगळी पुरुषमंडळी, खालच्यात सगळ्या बायका, आणि एवढ्या सौभाग्यवतींमध्ये अडकलेले आपले चार-पाच सुभेदार आणि हवालदार. गूळ घेतं कोण घरात? दिवाळीला पाकातले लाडू करतं कोण? बायकांनी मेल उघडला तो तुमच्या ओळीपायी की गूळ संपला होता म्हणून, देवाला ठाऊक.

तुमचा चेहरा, वन्सं! पेढा गालातच राहिला. मग तुम्ही जे हसायला लागलात ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, खोकला, मी पाठीवर थापट्या मारतेय आणि तुम्ही म्हणताय, "ढवळली न्हाई गं! मीच ढवळली न्हाई!" आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं आणि स्वतः श्री. आणि सौ.मध्ये आपटले, असं तुम्ही नंतर सगळ्या पै-पाहुण्यांना स्वतःच सांगत सुटलात. मी पेढे परत मागितले तर म्हणालात, "गिळल्यालं परत देऊ व्हय आता?"

त्या दिवसानंतर रुपया आला. प्रत्येक नावाला रुपया उडवायचा, छापा पडला तर तुमची ओळ, काटा पडला तर माझी. यंत्र हे काम डोळ्याचं पातं लवतं तोवर करतं, हे मी सांगून पाहिलं. तुम्हाला ते मान्य होतं, पण "पयल्यांदा हातानं करू, म्हंजी ध्यानात ऱ्हातंय." सव्वादोनशे नावांना रुपया उडवत बसलो आपण दोघी. मधेच तो मिसळणाच्या डब्यात पडला, हळदीत. एका कर्नलसाहेबांच्या नावाला सलग तिसरा छापा पडला म्हणून मी भांडले, तर तुम्ही म्हणालात की नशिबाला आठवण नसते, गप उडव. तो रुपया अजून डब्यात आहे. दर वेळी फोडणी टाकताना चमच्याला लागतो आणि मी तो काढत नाही.

पण नुसतं ढवळून भागत नव्हतं. आपल्याकडे माणसंच थोडी. अर्धी इकडे, अर्धी तिकडे केली तर बाजूला शंभर-सव्वाशे. मी विचारलं, किती माणसं लागतात ते एकदा सांगून टाका. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "किती फरक पडला तर तुला फरक पडंल?"

मला वाटलं तुम्ही शब्दाचा खेळ करताय. तुम्ही भडंगाची वाटी पुढे ओढून समजावलंत. समज, शंभरातली तीस माणसं माझी ओळ बघून मेल उघडतात आणि पस्तीस तुझी बघून. एवढासा फरक खरा की योगायोग, हे ओळखायचं तर दोन्ही बाजूंना दीडेक हजार माणसं हवीत. ती कुठून आणायची? पण इकडे तीस आणि तिकडे पन्नास असतील, तर शंभर-शंभर माणसांतही तो दिसतो. फरक लहान तर माणसं पुष्कळ लागतात, फरक मोठा तर थोडी पुरतात. "तवा आदी ठरीव. पाचाच्या फरकानं तू वळ बदलशील का? न्हाई ना? मग त्यो शोधत कशाला बसायचं?"

पुण्यात एवढी वर्षं लाखा-लाखाच्या यादीवर काम केलं, तिथे मला हे कुणी विचारलं नाही. माणसं इतकी असायची की विचारायची गरजच पडली नाही. गरिबाच्या घरी जसं आधी ठरवून भाजी चिरावी लागते, तसं छोट्या यादीला आधी ठरवून घ्यावं लागतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

मग तुम्ही सोय काढलीत. दर महिन्याला एक मेल, आणि दर वेळी रुपया नव्याने. म्हणजे त्याच माणसाला कधी तुमची तऱ्हा, कधी माझी. तीच माणसं पुन्हा मोजल्याने यादी वाढत नाही, हे तुम्ही मला बजावलंत, पण माणूस स्वतःशीच ताडून बघता येतो, तेवढं बळ मिळतं. मेल किती वेळा उघडला तेही मोजायचं नाही, माणसं मोजायची, कारण कराडचे एक सुभेदार चष्मा सापडेपर्यंत एकच मेल पाच-सहा वेळा उघडायचे आणि त्यांच्या एकट्याच्या जिवावर मी पहिले दोन महिने पुढे होते. मार्गशीर्षाचा मेल शेवटचा. तो जाऊन आठवडा झाला की एकदाच सगळं मोजायचं. शंभरात दहाच्या आतला फरक निघाला, तर फरक नाही म्हणायचं. जी ओळ जिंकेल ती संक्रांतीपासून कायमची. हरलेली ओळ पुन्हा काढायची नाही. आणि आता तोवर कुणी डोकावायचं नाही.

डोकावलात तुम्हीच. श्रावणात अचानक भडंगाच्या दोन पिशव्या आणल्यात, माझ्या आमटीची स्तुती केलीत, माझी ओळही 'तशी बरी हाय' म्हणालात. मी लगेच ओळखलं. तुम्ही पुढे असल्याशिवाय इतकं गोड बोलणार नाही. विचारलं तर म्हणालात, "वाईच बघितलं गं. झाकण उचललं आन् ठिवलं." संख्याशास्त्राच्या प्राध्यापक! मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले त्यातलं एक अक्षरही मागे घेत नाही. लग्नातली पहिली पंगत बघून जेवणावळीचा अंदाज करू नये, पहिल्या पंगतीला नेहमी घाईचीच माणसं असतात, हे मला शिकवलं कुणी?

मार्गशीर्षाचा मेल गेला. तुमचा फोन आला, "आता आठवडाभर गप ऱ्हा. घाई करू नगंस." मी म्हटलं, "बघू." एवढंच. त्यानंतर तुमच्याशी बोलणं झालं नाही. चार दिवसांनी सांगलीहून फोन आला तो तुमचा नव्हता.

वन्सं, शेवटचा शब्द 'बघू' असावा, ह्याचा मला फार राग येतो. काहीतरी चांगलं बोलता आलं असतं. तुम्ही आलात की घर मोठं वाटतं, असं म्हणता आलं असतं. तुमची ओळ मला आवडते, हे तर मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. पैज लागली होती ना, मग कशी सांगणार? आता शनिवारी पॅसेंजर येऊन जाते, शिट्टी इथपर्यंत ऐकू येते, आणि मी हात पुसत दारापर्यंत जाऊन परत येते. इतक्या माणसांच्या घरातून एक माणूस कमी झालं. तुमच्या हिशेबाने एका माणसावरून काही सांगता येत नाही. पण फरक मोठा असला की थोडी माणसं पुरतात, हेही तुम्हीच सांगितलेलं आहे.

आठवडा केव्हाच उलटला होता. पण मी झाकण उघडत नव्हते. भीती एकच होती. माझी ओळ जिंकली, तर 'गूळ आला बरं का' पुन्हा कधी कुणाला जाणार नाही. तुमचा आवाज ह्या घरातून बाहेर जायची तेवढीच एक वाट उरली होती, आणि ती मीच, आपल्याच पैजेने, बंद करायची होती.

आज सकाळी उघडलं. नीट मोजलं, माणसं मोजली, सुभेदारांना एकदाच धरलं. तुम्ही शिकवलंत तसं प्रत्येक माणूस स्वतःशी ताडून बघितला.

माझी ओळ पुढे आहे, वन्सं. शंभरात तिनाने.

क्षणभर हात वर जाणार होता. सवय! 'जिंकले' म्हणून ओरडायचं, सांगलीला फोन लावायचा, भडंगाची मागणी करायची. तुम्ही मग म्हणाला असतात, तीन म्हणजे काहीच नाही, धाच्या आत हाय. मी म्हटलं असतं, पुढे ते पुढेच. तास-दीड तास भांडलो असतो. पण पलीकडे भांडायला कुणी नसलं की जिंकल्याला चव नसते, हे मला कुठे माहीत होतं? मग मला मुकाट्याने तुमचा नियम तुमच्या वतीने स्वतःला सांगावा लागला. दहाच्या आत. फरक नाही. आणि मी हरल्यासारखी निवांत झाले.

वर्षभर रुपया उडवून उत्तर आलं ते हे, की सांगता येत नाही. तुम्ही म्हणायचात, हेही उत्तरच असतं. आकडे गप्प बसले की माणसाने बोलायचं. तेव्हा मला ती पळवाट वाटायची. आज बोलायची पाळी माझ्यावर आली आणि मला हायसं वाटलं.

तेवढ्यात तुमचे भाऊ तिसऱ्यांदा आले. हातात काकवीची बाटली, गळ्यात टॉवेल. म्हणाले, "काय म्हणत्यात आकडं?"

"फरक नाही," मी म्हटलं.

"मग कुणाची वळ?"

"वन्संची."

"आता फरक न्हाई म्हणालीस की."

"आकड्यांना पडत नाही. मला पडतो."

ते टॉवेलने बाटली पुसत राहिले, कोरडीच होती ती. मग म्हणाले, "धाड."

यादी मोडली नाही. रुपया उडवला नाही. श्री., सौ., कॅप्टन, सुभेदार, हवालदार, सगळ्यांना एकच ओळ लिहिली. यादीत सगळ्यात खाली तुमचं नाव होतं, तुम्हीच चाचणीसाठी घालून ठेवलेलं, मान न लावता. ते मी काढलं नाही.

वन्सं, गूळ आला बरं का!